दुखण्याची वेळ

माझ्या पाठदुखीला घड्याळ कळत होतं. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पहिली झोप बिनबोभाट लागायची. दोन वाजून गेले की जाग यायची, ती दुखण्यानेच. कमरेच्या खाली, आत खोलवर ठणका असायचा. कधी उजवीकडे, कधी डावीकडे. कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागे. मग हाताने गादीचा काठ धरायचा, गुडघे वळवायचे आणि धड त्यांच्यामागून ओढून न्यायचं. नव्या कुशीवर थोडा वेळ बरं वाटे, मग तीही कूस दुखायला लागे. शेवटी उठून स्वयंपाकघरापासून पुढच्या खोलीपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. चालता चालता दुखणं सैल होत जाई, आणि शाळेत पहिल्या तासाला मी इतर बाईंसारखीच ताठ उभी राहून फळ्यावर तारीख लिहीत असे.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो म्हणतात. माझा आला तोच मुंगीच्या पावलांनी. त्यामुळे ‘कधीपासून?’ या प्रश्नाला मला धड उत्तर देता येत नसे. पडले नव्हते, काही जड उचललं नव्हतं, पाय मुरगळला नव्हता. मुलगा बालवाडीत जायला लागला त्या सुमाराला केव्हातरी, एवढंच सांगता येई. ज्या दुखण्याला सुरुवातीची गोष्ट नसते, त्याच्यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही.

आणि पाठदुखीला आपल्याकडे आजार मानतं तरी कोण? प्रत्येक घरात एक पाठ दुखत असते आणि प्रत्येक शेजाऱ्याकडे तिचं औषध असतं. आमच्या सांगलीत पहिलं निदान झालं ते उसण भरल्याचं. त्यावर पायाळू माणसाने पाठीला लाथ मारायची हा उतारा सगळ्यांना ठाऊक. गल्लीतला एक पायाळू मुलगा शोधून आणला. कॉलेजात जाणारं ते पोर बिचारं लाजून लाल झालं आणि ‘सॉरी काकू’ म्हणत पाय लावून गेलं. मग महानारायण तेल झालं, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक झाला, कापसाची गादी जाऊन फळीवर सतरंजी आली. कुणी म्हणालं मणक्यात गॅप आली असेल, कुणी म्हणालं शीर दबली असेल. बायकांचं मत मात्र एकमुखी होतं: सिझेरियनच्या वेळी पाठीत दिलेलं इंजेक्शन. त्या सुईवर महाराष्ट्रातल्या किती पाठी खापर फोडत असतील कोण जाणे. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते हे खरं. पण तिच्यामुळे जन्माची पाठदुखी लागते, याला अभ्यासांतून आधार मिळालेला नाही. हे मला पुष्कळ पुढे कळलं. तोवर मीही मान डोलवत होते, कारण काहीच कारण नसण्यापेक्षा चुकीचं कारण बरं वाटतं.

दिवसाच्या दुखण्याला साक्षीदार असतात. ‘काय गं, लंगडतेस का?’ असं कुणीतरी विचारतं, कुणीतरी हातातली पिशवी घेतं. रात्रीचं दुखणं एकट्याचं असतं. शेजारी नवरा झोपलेला, मुलगा त्याच्या पोटावर पाय टाकून पसरलेला. त्यांना उठवून सांगायचं तरी काय? काल सांगितलं तेच? मग मन नको तिथे जातं. मणक्याचा टीबी झालेल्या एका विद्यार्थ्याची आई आठवायची. कॅन्सरने गेलेल्या मामीची पाठ आधी दुखायला लागली होती, ते आठवायचं. उजाडलं की या भीतीचं हसू येई, पण दोन वाजता हसू येत नाही. पहाटे स्टेशनच्या बाजूने गाडीची शिटी ऐकू आली की वाटे, सुटले. आता उठून कामाला लागलं तरी कुणी काही म्हणणार नाही.

सासूबाई साडेचारला उठतात. मी अंधारात फेऱ्या मारताना त्यांनी मला कितीदा तरी पाहिलं होतं. सुरुवातीला त्यांनी रबरी पिशवीत गरम पाणी भरून दिलं, सुंठ उगाळून दिली. पण रविवारी मी दुपारभर पडून राहिले की जास्तच दुखायला लागे आणि संध्याकाळी माळ्यावरचे डबे काढायला चढले की दुखणं पळे, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. एकदा पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, ‘‘पाठ टेकली की दुखतं आणि कामाला लागलीस की थांबतं! हे कसलं गं बाई दुखणं? आमच्या वेळी काम केलं की दुखायचं, पडलं की थांबायचं.’’

मला ते लागलं. त्यात टोमणा होताच. पण त्या वाक्यात आणखीही काही होतं, हे तेव्हा आम्हा दोघींनाही कळलं नाही.

डॉक्टरांना दाखवलं नाही असं नाही. पण दवाखान्याची वेळ सकाळी अकरा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ. माझ्या दुखण्याची वेळ पहाटे दोन ते सहा. डॉक्टरांसमोर मी जाई तेव्हा माझं शरीर दिवसातल्या सगळ्यांत चांगल्या अवस्थेत असायचं. वाका म्हटलं की वाकत होते. झोपवून पाय सरळ वर उचलला तरी कळ येत नव्हती, म्हणजे शीर दबलेली नव्हती. ‘कुठे दुखतं?’ या प्रश्नावर मी बोटाने जागा दाखवी आणि तपासणी तिथे संपे. पट्टा मिळाला, कॅल्शियम मिळालं, ड जीवनसत्त्वाची पाकिटं मिळाली, पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. एका ठिकाणी झोपेची गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला मिळाला. आणि सगळीकडे एक गोष्ट न चुकता मिळाली: विश्रांती घ्या. गोळ्या चालू असेपर्यंत रात्र शांत जायची, त्या संपल्या की दोन-तीन दिवसांत घड्याळ पुन्हा सुरू. विश्रांतीने तर दुखणं वाढायचंच. पण औषध लागू पडणं आणि विश्रांती न मानवणं याही खुणा असू शकतात, हे कुणाच्या बोलण्यात आलं नाही.

शेवटी एमआरआय झाला. अहवालात चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी किंचित फुगल्याचं लिहिलं होतं. घरात एकदम सुटकेचं वातावरण. गादी सरकली! सापडलं! त्या अहवालावर पुढचे बरेच महिने गेले: ट्रॅक्शन, शेक, कटिबस्ती. असा ‘फुगवटा’ किती सामान्य असतो, ते मी नंतर वाचलं. १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक अभ्यास छापून आला होता. पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी गादी फुगलेली निघाली. म्हणजे रस्त्याने हसत-खेळत जाणाऱ्या माणसांना उभं करून चित्रं काढली, तरी निम्म्यांच्या हातात माझ्यासारखाच अहवाल येईल. माझ्या चित्रात खोटं काही नव्हतं. फक्त ते काढलं होतं दुखण्याच्या चार बोटं वर.

सुटका झाली ती डोळ्यामुळे. एका सकाळी उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सोसेना, आत कळा येऊ लागल्या. आधीही एकदा असं झालं होतं. तेव्हा डोळे आले समजून थेंब घालून निभावलं होतं. या वेळी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी यंत्रातून पाहिलं, बुबुळाच्या आतल्या भागाला सूज आहे म्हणाल्या आणि औषध लिहिता लिहिता सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘पाठ दुखते का हो तुमची? रात्रीची?’’

डोळ्याच्या डॉक्टरने पाठीबद्दल विचारावं! क्षणभर मला वाटलं, माझ्या तोंडावरच लिहिलं आहे की काय. त्यांनी चिठ्ठी दिली ती पुण्याच्या एका संधिवाततज्ज्ञांच्या नावाने.

या डॉक्टरांनी एमआरआयची पिशवी आधी बाजूला ठेवली आणि मला बोलायला लावलं. दुखणं एकदम सुरू झालं की हळूहळू? किती वाजता जाग येते? उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो? दुखणं बाजू बदलतं का? टाच कधी दुखायची का? दुखायची, सकाळी पाऊल टेकवत नसे, म्हणून चपला बदलल्या होत्या. ताप येतो का, वजन उतरलं का, भूक कशी आहे, पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा? हे प्रश्न कशासाठी तेही त्यांनी सांगितलं. रात्री दुखणारी पाठ म्हटली की टीबी, जंतुसंसर्ग आणि गाठ या तिन्ही शक्यता आधी दूर कराव्या लागतात. आपल्या देशात टीबी तर विसरून चालतच नाही. आणि मग त्यांनी विचारलं, ‘‘पडून राहिल्याने बरं वाटतं, की हालचाल केल्याने?’’

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे. सासूबाईंचं पोळ्या लाटतानाचं वाक्य, फक्त प्रश्नचिन्ह वेगळ्या जागी.

मग त्यांनी खणातून शिवणाची टेप काढली. कमरेवर पेनाने दहा सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा केल्या आणि गुडघे न वाकवता खाली वाकायला सांगितलं. निरोगी पाठीत त्या खुणांमधलं अंतर वाकल्यावर पंधराच्या आसपास जातं. माझं तेवढं वाढलं नाही. शोबर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९३७ साली सांगितलेली ही परीक्षा. तिला लागतं एक पेन आणि एक टेप. नवा एमआरआय झाला तो मणक्यांचा नव्हे, कणा जिथे ओटीपोटाच्या हाडांना जुळतो त्या दोन सांध्यांचा. दोन्हीकडे हाडाच्या आत सूज होती. रक्तात एचएलए-बी२७ हा आनुवंशिक घटक निघाला. पाठ, टाच आणि डोळा ही माझ्या कपाटात तीन वेगवेगळ्या फायलींत राहणारी दुखणी त्या दुपारी एका कागदावर आली. त्या कागदावर लिहिलं होतं: अॅक्शियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात ते याचंच पुढचं रूप.

डॉक्टरांनी सांगितलं ते माझ्या भाषेत असं. शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच अस्थिबंधांवर उलटते, जिथे ते हाडाला चिकटतात नेमकं तिथे. तिथे दाह होतो. तो शमवताना शरीर नको तिथे नवं हाड घालत जातं. घर गळतं म्हणून गिलाव्याचे थर चढवत जावेत आणि एक दिवस दारच उघडेनासं व्हावं, तसं. वर्षानुवर्षं उपचारांविना गेली तर काहींचे मणके एकमेकांना जोडले जाऊन कणा बांबूसारखा सलग होतो. रात्रीचंच का, तर दाह आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वांत कमी असतं, आणि त्यात शरीर तासन् तास निश्चल. स्नायूच्या दुखण्याला विश्रांती मानवते, या दुखण्याला ती खतपाणी घालते.

आजार काही नवा नाही. बर्नार्ड कॉनर या आयरिश डॉक्टरने १६९०च्या दशकातच, मणके आणि बरगड्या एकजीव झालेल्या एका सांगाड्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. १८९०च्या दशकात रशियात बेख्तेरेव, जर्मनीत स्ट्रुम्पेल आणि फ्रान्समध्ये पिएर मारी यांनी जिवंत रोग्यांत तो ओळखला. एचएलए-बी२७शी त्याचं नातं १९७३ साली लंडन आणि लॉस एंजेलिस इथल्या दोन गटांना स्वतंत्रपणे सापडलं. पण ही रक्ततपासणीही एकटी निकाल देत नाही. तो घटक असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही आणि आजार असलेल्या काहींत तो नसतो. दाह दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपी या तपासण्याही पुष्कळांच्या साफ येतात. १९८४चे निकष पाळायचे तर एक्स-रेत सांधे बिघडलेले दिसल्याशिवाय निदानच होत नसे, आणि ते दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात. २००९ साली नव्या निकषांत एमआरआयला जागा मिळाली. त्याच वर्षी तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने दाहाची पाठदुखी ओळखायला पाच खुणा ठरवल्या: चाळिशीच्या आत सुरुवात, हळूहळू वाढणं, हालचालीने आराम, विश्रांतीने आराम नसणं, आणि रात्रीचं दुखणं जे उठल्यावर कमी होतं. पाचपैकी चार जुळल्या की डॉक्टरांनी थांबून विचार करायचा. या पाचही गोष्टी यंत्राने कळत नाहीत. रोग्याशी बोलावं लागतं.

जगभरातले अभ्यास एकत्र पाहिले तर पहिल्या दुखण्यापासून निदानापर्यंत सरासरी सहा-सात वर्षं जातात. बायकांची अनेकदा त्याहून जास्त. हा पुरुषांचा आजार, असं वैद्यकाच्या पुस्तकांनीच बराच काळ शिकवलं. एक्स-रेत न दिसणाऱ्या अवस्थेत स्त्री-पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं असतं, हे आता माहीत झालं आहे. पण दवाखान्यात बाई पाठ धरून आली की बाळंतपण, कॅल्शियम, टेन्शन ही तीन उत्तरं प्रश्नाच्या आधी तयार असतात.

विचारायला गेलं की दुखणी सापडतात. भिगवण म्हटलं की आपल्याला उजनीचं पाणी आणि रोहित पक्षी आठवतात. त्याच भिगवणला १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी घरोघरी माणसं पाठवून सांध्यांच्या आणि पाठीच्या दुखण्यांची नोंद करायला सुरुवात केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमातलं हे काम आपल्याकडे आधाराला घेतलं जातं. मला त्यातली पद्धत मोलाची वाटते. रोगी दवाखान्याच्या वेळेत येण्याची वाट न पाहता, कुणीतरी त्याच्या दारात जाऊन ‘दुखतं का, कसं दुखतं?’ असं विचारलं.

निदान झालं त्या संध्याकाळी मला रडू येईल असं घरच्यांना वाटलं होतं. जन्मभराचा आजार, मुळापासून जाणारा नाही. पण मला भूक लागली होती. रात्री दोन वाजता ज्याचे शंभर चेहरे व्हायचे, त्याला आता एकच चेहरा होता, आणि तो मामीच्या आजाराचा नव्हता. सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, ‘‘मग मी काय वेगळं म्हणत होते?’’ त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता जेवणानंतर रोज दाह कमी करणारी गोळी असते. ती पोटाला आणि मूत्रपिंडाला सोसते आहे ना, हे अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. गोळीने भागेनासं झालं तर टीएनएफ या दाहकारक द्रव्याला अडवणारी इंजेक्शनं आहेत. ती महाग असतात, पण त्यातल्या अॅडॅलिम्युमॅबची देशी आवृत्ती २०१४ पासून भारतात बनते. ती सुरू करण्याआधी अंगात दबलेला टीबी नाही ना, हे पाहतात, कारण या औषधाने तो जागा होऊ शकतो. आणि सगळ्यांत वरचं औषध म्हणजे व्यायाम: पाठ मागे वाकवणं, छाती उघडणं, दीर्घ श्वास, जमलं तर पोहणं. फळीवरची सतरंजी गेली, पट्टा माळ्यावर गेला. काही रात्री अजूनही दोनला जाग येते. तेव्हा उठते, भिंतीला पाठ लावून उभी राहते, चालते, पुन्हा झोपते. दुखणं आहे, पण त्याच्याशी काय करायचं ते ठाऊक आहे. त्या दुखण्याच्या भीतीने जागी राहत नाही.

घरात कुणी चाळिशीच्या आतलं माणूस तीन महिन्यांहून जास्त काळ पाठ दुखते म्हणत असेल, तर त्याला ‘कुठे दुखतं’ यापाशी सोडू नका. किती वाजता दुखतं, उठून चाललं की काय होतं, सकाळी अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो, डोळा कधी लाल झाला होता का, हे विचारा आणि उत्तरं चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांपुढे ठेवा. वय काहीही असो, सोबत ताप असेल किंवा वजन उतरत असेल तर दाखवायला उशीर करू नका. पाय बधिर होत असतील, लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. दवाखाना दिवसा उघडतो. रात्रीची हकीकत तिथवर आपल्यालाच न्यावी लागते.